शाकारणीला वर्गणी कोण देणार?

माझ्या माहेरच्या ग्रामदैवताचा जीर्णोद्धार करायचं ठरलं आहे. भिवंडी तालुक्यातलं छोटंसं गाव. नाव इथे लिहीत नाही, कारण भांडण गावाशी नाही आणि तिथल्या माणसांशी तर मुळीच नाही. समितीचं पत्रक नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतंय आणि माझं नाव अजून ‘येणे बाकी’च्या रकान्यात आहे. दोन काका, एक आत्येभाऊ आणि नाशिकची वहिनी, सगळ्यांनी विचारून झालं, की काय गं, देवाच्या कामाला तू मागे कशी? माहेरवाशिणींनी तर आधी द्यायला हवं!

प्रत्येकाला फोनवर अर्धा तास समजावण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. मी वर्गणी देणार नाही. म्हणजे, या कामाला देणार नाही. कोणत्या कामाला देईन तेही सांगते. पण त्यासाठी थोडं लांबून यावं लागेल, तेवढा धीर धरा.

पत्रकात काय आहे? जुनं देऊळ ‘उतरवायचं’. (उतरवायचं हा शब्द मोठा सोयीचा आहे. पाडायचं म्हणताना जीभ अडखळते.) सागवानी खांबांचा सभामंडप जाणार, त्या जागी आरसीसीचा स्लॅब. दगडी जोत्यावर ग्रॅनाइट. स्टेनलेस स्टीलचे कठडे, रंगीत शिखर, आणि देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी. खांबांचं काय होणार? लिलाव. देवळामागे वडाखाली दोन वीरगळ आहेत, त्यांचं काय होणार? पत्रकात उल्लेख नाही. आजूबाजूच्या चार गावांत जे झालं तेच होईल. एखादा पायरीला लागेल, एखादा भरावात जाईल.

आणि या सगळ्याचं नाव जीर्णोद्धार!

शब्द नीट बघा ना. जीर्णाचा उद्धार. जे जुनं झालंय, झिजलंय, त्याला हात देऊन उभं करणं. आपण त्याचा अर्थ केला, जीर्णाला निकालात काढणं. आजोबा म्हातारे झाले म्हणून त्यांना घरातून काढून त्यांच्या खोलीत त्यांचा पुतळा बसवला, तर त्याला आपण सेवा म्हणू का?

आता थोडा इतिहास. घाबरू नका, सनावळ्या थोड्याच आहेत आणि सगळ्या आपल्याच तालुक्यातल्या आहेत.

भिवंडी म्हटलं की बाहेरच्या माणसाला यंत्रमाग आठवतात, हल्ली गोदामं आठवतात. पण शिलाहारांच्या काळात हा मुलूख चांगला नांदता होता. शके ९१९ म्हणजे इ.स. ९९७ मध्ये अपराजित नावाच्या शिलाहार राजाने एक ताम्रपट दिला. त्यात काय आहे, तर लवणेतट इथल्या लोणादित्याच्या देवळासाठी भादाणे हे गाव दान दिलं आहे. लवणेतट म्हणजे आपलं लोणाड. भादाणे अजून आहे, लोणाड अजून आहे. आपण दोन्ही गावांवरून पडघ्याकडे जाता-येता गाडी हाकत असतो.

पुढे अडीचशे वर्षांनी, शके ११६१ म्हणजे इ.स. १२४० च्या सुरुवातीला, केशिदेव राजाचा शिलालेख. तो लोणाडजवळच्या चौधरपाड्याचा. त्यात शोंपेश्वर महादेवाच्या पूजकांना ब्रह्मपुरी नावाचं गाव दिल्याची नोंद आहे. तिथी माघ वद्य चतुर्दशी, म्हणजे महाशिवरात्र. हे दोन्ही लेख वा. वि. मिराशींनी शिलाहारांच्या लेखांचा जो मोठा ग्रंथ संपादित केला, त्यात वाचायला मिळतात.

आता मला यातली कुठली गोष्ट महत्त्वाची वाटते? राजाचं नाव नाही. दानाची पद्धत. राजाने देवळाला एकरकमी सोनं देऊन पाटी लावली नाही. गाव दिलं. म्हणजे दर वर्षी पिकणारं, दर वर्षी येणारं उत्पन्न दिलं. पूजा रोज असते, दिवा रोज लागतो, पाऊस दर वर्षी पडतो, म्हणून पैसाही दर वर्षी यायला हवा. हे त्या माणसांना कळत होतं. जुन्या दानपत्रांत ठिकठिकाणी एक शब्द येतो, खंडस्फुटित. खंड म्हणजे मोडलेलं, स्फुटित म्हणजे तडकलेलं. मोडलं-तडकलं ते दुरुस्त करण्यासाठी हे दान, असं स्पष्ट लिहून देत. त्या काळातला जीर्णोद्धार तो हा. डागडुजीचा कायमचा बंदोबस्त.

आणि दान कोणी मोडलं तर? त्यासाठी गधेगाळ. वर चंद्र-सूर्य कोरलेले, मधे लेख, आणि खाली अशी शिवी कोरलेली, की वाचता न येणाऱ्यालाही ती कळावी. (चित्र काय असतं ते मोठ्यांना माहीत आहे, लहानांनी विचारू नये.) चंद्र-सूर्य असेतो हे चालावं, असा त्याचा अर्थ. आपली मुदत कुठपर्यंत? उद्घाटनाचे फोटो ग्रुपवर येईतो.

कोकणपट्टीत वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. आपल्या आजीच्या घरी वैशाखात काय चालायचं? शाकारणी. कौलं उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, वासे बघायचे, वाळवी लागली असेल तो बदलायचा, पन्हळी साफ करायच्या, कौलं परत चढवायची. कोणी त्याचा फोटो काढत नसे, नारळ फोडायला कोणी पाहुणा येत नसे. पण ते एक वर्ष चुकलं की आषाढात घरात पातेली मांडायची वेळ यायची. घर शंभर वर्षं टिकलं ते बांधणाऱ्यामुळे कमी आणि शाकारणाऱ्यांमुळे जास्त.

माझा सगळा मुद्दा एवढाच आहे. जुनी वास्तू टिकते ती शाकारणीने. आणि आपल्याकडे उद्घाटनाला वर्गणी मिळते, शाकारणीला मिळत नाही.

हे फक्त देवळांचं नाही. जुन्या वास्तूंसाठी झटणाऱ्या ज्या संस्था, प्रतिष्ठानं, मंडळं आपल्याकडे आहेत (आणि आहेत, भरपूर आहेत, ही चांगलीच गोष्ट आहे), त्यांनाही हाच रोग लागलाय. रविवारी पन्नास पोरं गडावर जातात. एकसारखे टी-शर्ट. झाडलोट होते, टाक्यातला गाळ निघतो, दगडावर रंगाने बाण काढतात, झेंडा लागतो, घोषणा होतात, फोटो निघतात. पुढच्या रविवारी दुसरा गड. वर्षाअखेरीस ‘यंदा इतक्या मोहिमा’ असा हिशेब. त्यातल्या एका तरी जागी ही मंडळी बारा महिने गेली का, हे कोणी विचारत नाही.

यावर हमखास उत्तर मिळतं. “ताई, ती पोरं फुकट राबतात. स्वतःच्या खिशातून एसटीचं भाडं भरतात. तुम्ही घरात बसून नावं ठेवता.”

बरोबर आहे. त्यांच्या घामाबद्दल मला शंका नाही. पण फुकट केलेलं काम आपोआप बरोबर होत नाही. फुकट औषध देणारा वैद्य असला, तरी औषध कुठलं ते आपण विचारतोच ना?

गाळाचंच उदाहरण घ्या. गडावरच्या टाक्यातला गाळ म्हणजे नुसता चिखल नव्हे. तो थराथराने साचलेला असतो. सगळ्यात खाली सगळ्यात जुना. त्यात खापराचे तुकडे असतात, एखादं नाणं, जळकं लाकूड, धान्याचा दाणा, बाणाचं टोक. कुठल्या थरात काय मिळालं यावरून तिथे माणसं कधी राहिली, कधी पळाली, काय खाल्लं, हे जाणकार सांगू शकतो. आपण ते सगळं घमेल्याने उपसून दरीत फेकतो आणि वर ‘टाकं स्वच्छ केलं’ म्हणून टाळ्या घेतो. दप्तरखान्यातले कागद रद्दीत घालून कपाट पुसून ठेवण्यासारखंच आहे हे. एकदा गेलेला थर परत येत नाही.

दुसरं, सिमेंट. भिंतीला भेग पडली, घ्या सिमेंट. जुनं बांधकाम चुन्यातलं असतं. चुना मऊ असतो, त्यातून ओल आत जाते आणि बाहेरही येते. झिजायचं असेल तर चुना आधी झिजतो, दगड वाचतो. सिमेंट कठीण. ते ओल आत कोंडतं, क्षार दगडात साठतात, आणि चार-पाच पावसाळ्यांनी दगडाचेच पापुद्रे सुटतात. बाहेरून सिमेंट जसंच्या तसं आणि आतला दगड भुगा! चुना मळायला वेळ लागतो, तो जाणणारा गवंडी शोधावा लागतो. सिमेंटची गोणी नाक्यावर मिळते. म्हणून सिमेंट.

तिसरं, झाडं. दगडात पिंपळ रुजला की उत्साही मंडळी तो हिसडा देऊन उपटतात. मूळ आत हातभर गेलेलं असतं, ते येताना चिरा घेऊन येतं. पिंपळ रोपटं असतानाच काढायचा असतो. म्हणजे काय, तर दर वर्षी कोणीतरी जाऊन बघायला हवं. परत तीच शाकारणी!

आणि चौथा ऑइलपेंट. त्याबद्दल बोलत नाही. आपल्या तालुक्यात कुठल्याही जुन्या मूर्तीकडे बघा, डोळे पांढरे-काळे, ओठ लाल, अंग पिवळं. भक्तीने केलंय, कबूल. पण शिल्पकाराने दागिन्यांचा जो बारीक बारीक नक्षीकाम कोरला होता, तो आता रंगाखाली आहे.

“मग हे सगळं सरकारने करावं,” असं म्हणून काही जण हात झटकतात. सरकारचंही ऐकून घ्या. २०१३ साली कॅगच्या अहवालात आलं, की केंद्राच्या संरक्षित स्मारकांपैकी १,६५५ प्रत्यक्ष जाऊन पाहिली, तर त्यातली ९२ जागेवर सापडलीच नाहीत. पुढे शोधाशोध केल्यावर ४२ सापडली. उरलेल्या ५० बद्दल २०२२ साली संसदेच्या समितीपुढे हिशेब आला: १४ वाढत्या शहरांनी गिळली, १२ धरणा-तलावांच्या पाण्याखाली गेली, आणि २४ चा पत्ताच लागत नाही. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. देशातल्या ३,६९३ संरक्षित स्मारकांपैकी फक्त २४८ ठिकाणी पहारेकरी. म्हणजे शंभरातल्या सातांना राखणदार आहे आणि त्र्याण्णव रामभरोसे.

कायदा कडक आहे हो. १९५८ चा कायदा २०१० मध्ये सुधारला. संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामाला मनाई, त्यापुढे दोनशे मीटर परवानगीशिवाय नाही. स्मारकाची नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. कागदावर गधेगाळीपेक्षा जबरदस्त! पण तक्रार करायला तिथे माणूसच नसेल तर कायदा कोणाला धरणार? आणि यादीत नसलेल्या वास्तूंना, आपल्या गावच्या देवळासारख्या, वडाखालच्या वीरगळांसारख्या, तर तेवढंही छत्र नाही. त्यांना गावाशिवाय कोणी नाही. म्हणूनच संस्था हव्यात. सरकार पोचत नाही तिथे पोचणाऱ्या, आणि पोचल्यावर टिकणाऱ्या.

सरकारने दत्तक योजनाही काढून पाहिल्या. राज्याची ‘महाराष्ट्र वैभव’ योजना २००७ पासूनची, केंद्राची ‘अडॉप्ट अ हेरिटेज’ २०१७ ची, तिची दुसरी आवृत्ती २०२३ ची. केंद्राच्या योजनेत कंपन्यांनी करायचं काय, तर मुख्यतः सोयी: स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, दिवे, पाट्या, माहितीकेंद्र. चांगलंच आहे, बायकांना तर स्वच्छतागृहाची किंमत विचारा! पण लाल किल्ल्याला दत्तक घेणारा मिळतो (२०१८ साली मिळालाच, पाच वर्षांसाठी २५ कोटी), लोणाडला कोण घेणार? जिथे आधीच गर्दी आहे तिथेच पाटी लावायला मजा.

लोणाडला कोणी गेलंय का तुमच्यापैकी? कल्याणहून तासाभराचाही रस्ता नाही. डोंगराच्या पोटात लेणं आहे, साधारण पाचव्या-सहाव्या शतकातलं, बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेलं. ओसरीच्या टोकाला दगडात एक मोठा पट आहे, राजा बसलाय, भोवती स्त्रिया, सेवक. आत खंडेश्वरी देवी आहे, तिची यात्रा भरते. गावात शिलाहारांच्या काळातलं शिवमंदिर, अंबरनाथच्या देवळाचं (ते शके ९८२ चं, म्हणजे इ.स. १०६० चं) भाऊबंद. पण अंबरनाथला रांग असते आणि इथे शुकशुकाट.

लोणाडचं लेणं मला मोठं शिकवतं. बौद्धांनी कोरलं, ते गेले, देवी आली, गावाने तिला सांभाळलं. देवी तिथे बसली म्हणून वाट मळलेली राहिली. तेव्हा ‘देव जिवंत आहे, देऊळ म्हणजे म्युझियम नव्हे’ असं जे मला ग्रुपवर सुनावलं गेलं, ते मला पूर्ण मान्य आहे. नांदतं देऊळ ओसाड देवळापेक्षा जास्त टिकतं. चिमाजी आप्पांच्या नवसाचं वज्रेश्वरीचं देऊळ बघा. वसई १७३९ मध्ये घेतली, त्यानंतर ते बांधलं गेलं. आज तिथे यात्रा भरते, पायऱ्यांवर रीघ असते आणि देऊळही उभं आहे. गळणारं छप्पर दुरुस्त करा, वीज घ्या, म्हाताऱ्यांसाठी उतार करा, जागा अपुरी पडते तर बाजूला वेगळा मंडप घाला. याला नाही कोण म्हणतंय? जुनं पाडलंच पाहिजे, हे कुठल्या देवाने सांगितलं?

आता थोडं नाजूक बोलते. आपल्या भिवंडीत इतिहासाबद्दल प्रेम कमी नाही. उलट जरा जास्तच ऊत येतो. ७ मे १९७० ची शिवजयंतीची मिरवणूक आणि त्यानंतरचे दिवस घरातल्या मोठ्यांना आठवतात. १९८४ चा मे महिनाही आठवतो. इतिहासाच्या नावाने रस्त्यावर यायला या गावात हजारो माणसं मिळाली आहेत, दोन्हीकडची. त्याच इतिहासाच्या पायथ्याशी झाडू घेऊन बसायला दहा मिळत नाहीत. शिवाजीमहाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली. दोनच वर्षांनी, १६५९ मध्ये, पोर्तुगिजांच्या पत्रव्यवहारात तक्रार येते, की हा शिवाजी भिवंडी, कल्याण, पनवेल इथे लढाऊ जहाजं बांधतोय. मराठी आरमाराच्या पहिल्या खुणा आपल्या खाडीत आहेत, मंडळी! त्या खाडीचं आज काय झालंय ते कामवारीच्या पुलावर नाकाला रुमाल लावून बघा.

मार्च २०२५ मध्ये आपल्या तालुक्यात मराडेपाड्याला महाराजांचं मंदिर झालं. किल्ल्यासारखी तटबंदी, अरुण योगीराजांनी घडवलेली मूर्ती, मुख्यमंत्री फडणवीसांच्या हस्ते लोकार्पण. लोक श्रद्धेने जातात, जावं. माझा त्याला विरोध नाही. पण याच तालुक्यात एक खरा किल्ला आहे, दुगाडच्या डोक्यावरचा गुमतारा. पडक्या दरवाजाचे दगड आणि पाण्याची टाकी, एवढंच त्यावर उरलंय. आणि खाली दुगाडला १७८० च्या डिसेंबरात इंग्रजांशी लढताना मराठ्यांचे सरदार रामचंद्र गणेश पडले. किती जणांनी ऐकलंय? नव्या तटबंदीसमोर फोटो काढणाऱ्यांतल्या शंभरातल्या एकाने जरी वर्षातून एक दिवस गुमताऱ्याला दिला, जाणकाराला बरोबर घेऊन दिला, तरी तो गड अजून शंभर वर्षं आपला राहील.

मग संस्थेने करायचं तरी काय? मी काही पुरातत्त्वाची पदवी घेतलेली नाही, पण जे नीट काम करतात त्यांच्याकडे बघून एवढं कळलंय, की पहिलं काम म्हणजे नोंद. हात लावायच्या आधी फोटो, मापं, नकाशा, गावातल्या म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या गोष्टी. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली सोपाऱ्याचा स्तूप उकरला तेव्हा करंडक कुठे, किती खोल, कसा मिळाला, हे टिपून ठेवलं. त्याच साली छापलेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये लोणाडचं लेणं आणि देऊळ कसं होतं ते लिहिलंय. आज तिथलं काय गेलं आणि काय राहिलं, हे आपल्याला त्या नोंदीमुळेच कळतं. आपल्याच काळात ठाण्याच्या सदाशिव टेटविलकरांनी गावोगाव पायपीट करून वीरगळांची, विखुरलेल्या शिल्पांची नोंद केली, पुस्तकं लिहिली. वसईत ‘किल्ले वसई मोहीम’वाले वर्षानुवर्षं एका किल्ल्याला धरून बसलेत. असं काम दिसत नाही, पण टिकतं.

दुसरं काम शाकारणीचं. वैशाखात पाणी जायच्या वाटा मोकळ्या करणं, छपरावरचा पालापाचोळा काढणं. श्रावणात जाऊन कुठे गळतंय, कुठे रोपटं रुजलंय ते बघणं आणि लहान असतानाच काढणं. दिवाळीनंतर भेगांचे फोटो काढून गेल्या वर्षीच्या फोटोंशी ताडून पाहणं, वाढल्या असतील तर जाणकाराला बोलावणं. खोदायचं नाही, गाळ उपसायचा नाही, हलवायचं नाही, रंगवायचं नाही. यादीतल्या वास्तूला परवानगीशिवाय हातच लावायचा नाही. गावातल्याच एखाद्याला महिन्याचं मानधन देऊन राखण ठेवणं. आणि जमाखर्च देवळाच्या भिंतीवर लावणं. बस्स. यात टी-शर्टला वाव नाही, हे खरं.

पैसा कुठून येणार? पुन्हा सांगते, पैसा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या सीएसआरच्या यादीत ऐतिहासिक वास्तूंचं जतन स्पष्ट लिहिलेलं आहे. आपल्या तालुक्यात देशातल्या मोठमोठ्या कंपन्यांचा माल गोदामांत पडलेला असतो. समृद्धी महामार्गाचं टोक आमण्याला आलंय, जमिनीचे भाव ऐकून छातीत धस्स होतं. भाताला कोण विचारतंय, म्हणून शेतकऱ्याने जमीन विकली तर मी त्याला बोल लावणार नाही. पण ज्यांच्या गोदामाच्या पत्र्यावरून लोणाडचा डोंगर दिसतो, त्यांच्याकडे जाऊन कुठल्या संस्थेने एका राखणदाराचा वर्षाचा पगार मागितलाय? मागायला जातात तेव्हा कमानीसाठी मागतात. देणारेही कमानीलाच देतात, कारण कमानीवर नाव येतं. पन्हळ साफ केली त्यावर नाव कुठे लिहिणार?

तर काका, आत्येभाऊ, वहिनी, आणि ग्रुपवर अंगठा दाखवून गप्प बसलेले बाकी सगळे, ऐका. समितीने देऊळ न पाडता दुरुस्त करायचं ठरवलं, तर माझ्या नावावर जी रक्कम मांडली आहे ती मी देईन. यंदा एकदाच नव्हे, दर वर्षी वैशाखात देईन, जमेल तितकी वर्षं. त्यातून वासे बदला, कौलं आणा, चुना जाणणारा गवंडी बोलवा, वीरगळांवर साधं पत्र्याचं छप्पर घाला आणि शेजारी ते काय आहेत ते चार ओळींत लिहा. पाटीवर माझं नाव नको. तुमच्यापैकी दहा जणांनी असंच कबूल केलं तर गावाला दर वर्षीचं उत्पन्न मिळेल, आणि तेही गाव दान न देता!

पाडायचंच ठरलं असेल, तर रागावू नका, पण माझं नाव त्या रकान्यात तसंच राहू द्या. आणि खांबांचा लिलाव व्हायच्या आधी मला एक दिवस कळवा. मोजपट्टी आणि कॅमेरा घेऊन येते. निदान नोंद तरी राहील.